नाइट क्लबच्या अनुज्ञप्तीचे पुनर्विलोकन

लंडनमधील इझ्लिंग्टन या विभागाच्या कौन्सिलची अनुज्ञप्ती उपसमिती ६ सप्टेंबर २०१६ रोजी एका अर्जाच्या सुनावणीसाठी बसली. निर्णय देऊन ती उठली तेव्हा मध्यरात्र उलटून दुसऱ्या दिवसाची तारीख लागली होती. अर्ज पोलिसांचा होता. स्मिथफील्डच्या जुन्या मांसबाजारासमोर, एकेकाळच्या शीतगृहाच्या वास्तूत, १९९९ सालापासून चालत आलेला ‘फॅब्रिक’ नावाचा नाइट क्लब हा त्या अर्जाचा विषय होता. जून आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत अठरा वर्षे वयाचे दोन तरुण या क्लबमध्ये अमली पदार्थ घेतल्यानंतर दगावले होते. क्लबची अनुज्ञप्ती आहे तशी चालू ठेवावी, नव्या अटी घालून चालू ठेवावी की रद्द करावी, एवढाच प्रश्न उपसमितीपुढे होता. उपसमितीने ती रद्द केली. मात्र २१ नोव्हेंबर २०१६ रोजी त्याच क्लबला ३२ नव्या अटींसह अनुज्ञप्ती परत देण्यास त्याच कौन्सिलने संमती दिली आणि जानेवारी २०१७ मध्ये क्लबची दारे पुन्हा उघडली.

दोन मृत्यू तेच, कायदा तोच, कौन्सिलही तेच. असे असता अडीच महिन्यांच्या अंतराने दोन परस्परविरोधी भासणारे निर्णय झाले. ते मुळात इतके विरोधी का नाहीत, हे समजण्यासाठी तेथील कायद्यात ‘पुनर्विलोकन’ या शब्दाला कोणता अर्थ आहे ते पाहिले पाहिजे. दारूची दुकाने, परमिट रूम, ऑर्केस्ट्रा बार, पब यांसंबंधीच्या तक्रारी ज्यांच्या टेबलावर येतात अशा आपल्या राज्यातील अधिकाऱ्यांना आणि पंचायत सदस्यांनाही हा विषय परका नाही.

मुदत नसलेली अनुज्ञप्ती

इंग्लंड आणि वेल्स या प्रदेशांत २००५ सालापर्यंत मद्यविक्रीची परवानगी स्थानिक दंडाधिकारी देत असत, तर नृत्य-संगीताच्या कार्यक्रमांची परवानगी कौन्सिल देत असे. २००३ च्या अनुज्ञापन अधिनियमाने ही दोन्ही कामे कौन्सिलकडे, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या स्थानिक संस्थेकडे, सोपविली. हा अधिनियम २४ नोव्हेंबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याने घडविलेला सर्वांत मोठा बदल सहसा लक्षात येत नाही. जागेची अनुज्ञप्ती एकदा मिळाली की सामान्यतः तिला मुदत राहत नाही. वार्षिक शुल्क भरावे लागते. पण दरवर्षी नूतनीकरणासाठी दारात उभे राहावे लागत नाही.

आपल्याकडील वाचकाला हे प्रथमदर्शनी सैल वाटेल. नूतनीकरण नसेल तर चालकावर धाक कसला, असा प्रश्न साहजिक आहे. या प्रश्नाचे त्या कायद्यातील उत्तर म्हणजे पुनर्विलोकन. ठरावीक तारखेला सर्वांच्या कागदपत्रांवर शिक्के मारण्याऐवजी, जेथे काही बिघडले आहे त्याच जागेची, बिघडले त्याच वेळी, उघड सुनावणी घेऊन तपासणी करावयाची, ही त्यामागील कल्पना आहे. नूतनीकरणाच्या पद्धतीत शेकडो निर्दोष धारकांची प्रकरणे आणि दोनचार सदोष धारकांची प्रकरणे एकाच गठ्ठ्यात येतात, आणि गठ्ठ्याचा स्वभाव असा की तो सगळा मिळूनच निकाली निघतो.

तपासणी कशाच्या आधारे करावयाची तेही कायद्याने ठरवून दिले आहे. गुन्हे व बेबंदशाही यांना प्रतिबंध, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवाला प्रतिबंध आणि बालकांचे अपायापासून संरक्षण, ही चार उद्दिष्टे अधिनियमात नमूद आहेत. कौन्सिलने पाहावयाचे ते एवढेच. शेजाऱ्याला क्लबमधील संगीत अभिरुचीहीन वाटते, किंवा गावातील एखाद्या गटाला रात्रीचे जीवनच मान्य नाही, या गोष्टी चार उद्दिष्टांपैकी कशातही बसत नाहीत. याउलट मध्यरात्रीनंतर रस्त्यावर होणाऱ्या मारामाऱ्या, अडवून ठेवलेला आपत्कालीन दरवाजा, क्षमतेपेक्षा अधिक सोडलेले लोक, अठरा वर्षांखालील मुलांना दिलेली दारू, या गोष्टी थेट बसतात.

अर्ज कोण करू शकतो

पुनर्विलोकनासाठी अर्ज करण्याचा अधिकार दोन प्रकारच्या अर्जदारांना आहे. पोलीस, अग्निशमन सेवा, पर्यावरण आरोग्य अधिकारी, व्यापारमापन, नियोजन व बालसंरक्षण यंत्रणा ही ‘जबाबदार प्राधिकरणे’ एका बाजूला, तर कोणीही सामान्य व्यक्ती दुसऱ्या बाजूला. पूर्वी अर्जदार त्या परिसरातील रहिवासी किंवा व्यावसायिक असावा लागे. २०११ च्या सुधारणेने ती मर्यादाही काढून टाकली. मात्र खोडसाळ, क्षुल्लक किंवा पुन्हा पुन्हा केलेला तोच अर्ज कौन्सिल फेटाळू शकते.

अर्ज आला की त्याची नोटीस क्लबच्या दारावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचता येईल अशा जागी, २८ दिवस लावली जाते. या मुदतीत कोणालाही बाजूने किंवा विरोधात लेखी म्हणणे मांडता येते. त्यानंतर निर्वाचित सदस्यांची उपसमिती, बहुधा तीन जणांची, उघड सुनावणी घेते. सर्व बाजू ऐकल्यावर तिच्यापुढे काही न करण्याखेरीज पाच मार्ग असतात. अटींत बदल करता येतो. अनुज्ञप्तीतून एखादा व्यवसाय, उदाहरणार्थ नृत्य किंवा उशिराची मद्यविक्री, वगळता येतो. जागेचा जबाबदार पर्यवेक्षक म्हणून नोंदलेली व्यक्ती काढून टाकता येते. अनुज्ञप्ती जास्तीत जास्त तीन महिने निलंबित करता येते. आणि शेवटी, ती रद्द करता येते. निर्णयाविरुद्ध २१ दिवसांत दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात अपील करता येते आणि सामान्य प्रकरणात अपिलाचा निकाल लागेपर्यंत कौन्सिलचा निर्णय अमलात येत नाही.

येथे निर्वाचित सदस्य न्यायदानाच्या आसनावर बसतात. ही सोपी गोष्ट नव्हे. मतदारांना काय आवडेल याचा विचार करण्याची सवय असलेल्या व्यक्तीने त्या संध्याकाळपुरता तो विचार बाजूला ठेवून केवळ समोरील पुरावा पाहावयाचा असतो. ते सर्वत्र साधते असे नाही. ब्रिटिश पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहाच्या एका निवड समितीने २०१७ साली या अधिनियमाच्या अंमलबजावणीचा आढावा घेतला तेव्हा अनुज्ञप्ती समित्यांच्या कामकाजावर तिने कडक टीका केली आणि हे काम नियोजन समित्यांकडे द्यावे अशी शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही. तथापि टीका अनाठायी होती असे म्हणता येत नाही.

न्यायालयांनी या समित्यांना दोन गोष्टी शिकविल्या. लंडनच्या सोहो भागातील एका पबबाहेर, रस्त्यावर उभे राहून पिणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गोंगाटाबद्दलच्या प्रकरणात २०११ साली अपील न्यायालयाने असे सांगितले की, अपिलात कौन्सिलच्या निर्णयाला किती वजन द्यावयाचे ते त्या निर्णयाची कारणे किती स्पष्ट आणि पूर्ण आहेत यावर अवलंबून राहील. दुसरी गोष्ट २०१६ च्या ईस्ट लिंडसे प्रकरणातील. तेथील एका उपाहारगृहात काम करण्याचा परवाना नसलेला कामगार आढळला होता. परंतु मालकावर खटला भरला गेला नव्हता. गुन्हा शाबीत झाल्याशिवाय अनुज्ञप्ती कशी काढता येईल, हा मालकाचा युक्तिवाद उच्च न्यायालयाने अमान्य केला. पुनर्विलोकन मागील अपराधाची शिक्षा देण्यासाठी नसते. पुढे अपाय होऊ नये म्हणून असते. म्हणून त्याला फौजदारी खटल्याइतका पुरावा लागत नाही. याच तर्काची दुसरी बाजूही आहे. पुनर्विलोकन शिक्षा नसेल, तर दुःखद घटना घडली एवढ्यावरून कोणाला तरी शासन झालेच पाहिजे अशी भूमिकाही त्यात बसत नाही. पुढील अपाय टाळता येतो का, आणि कशाने, हाच प्रश्न उरतो.

तातडीची वाट

अठ्ठावीस दिवस थांबणे धोक्याचे असते अशी प्रकरणेही येतात. त्यांच्यासाठी २००६ च्या हिंसक गुन्हे प्रतिबंधक कायद्याने मूळ अधिनियमात एक शीघ्र पद्धत घातली. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने, या जागेचा गंभीर गुन्ह्यांशी अथवा गंभीर बेबंदशाहीशी संबंध आहे असे प्रमाणपत्र दिले की कौन्सिलला ४८ तासांच्या आत अंतरिम उपायांचा विचार करावा लागतो. धारकाला न ऐकताही हे उपाय योजता येतात; मात्र त्याने हरकत घेताच पुन्हा ४८ तासांत त्याची सुनावणी घ्यावी लागते. अंतिम पुनर्विलोकन २८ दिवसांत पुरे करावयाचे असते. फॅब्रिकच्या बाबतीत पोलिसांनी ऑगस्ट २०१६ मध्ये हीच वाट धरली. अनुज्ञप्ती लगेच निलंबित झाली. सप्टेंबरमधील निर्णयानंतर अपील दाखल झाले तरी क्लब बंदच राहिला.

फॅब्रिकचा वाद

या वादाला आधीचा इतिहास होता. क्लबशी संबंधित काही मृत्यूंनंतर २०१४ साली पोलिसांनी पुनर्विलोकन मागितले होते. त्या वेळी कौन्सिलने अनुज्ञप्ती राखली. मात्र प्रवेशद्वारावर शोधक कुत्रा ठेवावा आणि प्रत्येकाचे ओळखपत्र यंत्राने नोंदवावे अशा अटी घातल्या. क्लबने अपील केले आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधीशांनी त्या अटी काढून टाकल्या. एवढेच नव्हे तर क्लबची कार्यपद्धती इतरांनी अनुकरण करावी अशी असल्याचा अभिप्राय दिला. त्यानंतर आठ-नऊ महिन्यांत दोन तरुण गेले.

यामुळे सप्टेंबरच्या सुनावणीत दोन्ही बाजू ठाम होत्या. पोलिसांनी जुलैमध्ये साध्या वेशातील अधिकारी आत पाठविले होते. त्यांच्या निरीक्षणांवरून, क्लबमध्ये अमली पदार्थांचे सेवन उघडपणे चालते आणि झडती अपुरी असते, असे पोलिसांचे म्हणणे होते. उपसमितीनेही तेच धरले: अमली पदार्थांच्या वापराची तेथे प्रथाच पडली असून व्यवस्थापन आणि सुरक्षारक्षक तिला आवर घालू शकत नाहीत.

क्लबच्या समर्थकांचे म्हणणे वेगळ्या प्रकारचे होते आणि प्रशासनात काम करणाऱ्यांनी ते विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. क्लब बंद केला तर तरुण लोक नाचणे थांबविणार नाहीत; ते झडती नसलेल्या, दवाखान्याची सोय नसलेल्या, पत्ता नसलेल्या गोदामांत जातील. शिवाय जो क्लब सापडलेले अमली पदार्थ पोलिसांना देतो, प्रत्येक आजारी व्यक्तीसाठी रुग्णवाहिका बोलावतो आणि तशी नोंद ठेवतो, त्याच्याच नोंदी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरल्या गेल्या, तर उद्या दुसरा चालक काय करील? तो नोंद करणार नाही. बेशुद्ध माणसाला रस्त्यावर नेऊन ठेवील आणि आपल्या नोंदवहीचे पान कोरे ठेवील. नियंत्रण करणारी यंत्रणा प्रामाणिक नोंदीला शिक्षा देऊ लागली की तिला माहितीच मिळेनाशी होते. हे केवळ नाइट क्लबांपुरते खरे नाही, हे कारखान्यातील अपघातांची किंवा गावातील साथीच्या रोगांची आकडेवारी गोळा करणाऱ्यांना ठाऊक आहे.

क्लब वाचविण्यासाठीच्या निवेदनावर दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. लंडनच्या महापौरांनीही, शहरातील रात्रीची सांस्कृतिक स्थळे झपाट्याने कमी होत असल्याबद्दल चिंता व्यक्त केली आणि दोन्ही पक्षांनी तोडगा शोधावा असे सुचविले. कायद्याच्या दृष्टीने सह्यांच्या संख्येला महत्त्व नव्हते. महत्त्व होते ते अपिलाच्या सुनावणीपूर्वी क्लबने काय मान्य केले याला. आपली कार्यपद्धती अपुरी पडली, हे त्याने स्वीकारले. त्यानंतर ठरलेल्या ३२ अटींत पुढील बाबी होत्या: शुक्रवारी रात्री ८ पासून सोमवारी सकाळी ८ पर्यंत १९ वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही, प्रवेशद्वारावर ओळखपत्रांची यंत्राद्वारे नोंद, अधिक कसोशीची झडती, अमली पदार्थ जवळ बाळगताना, मागताना वा विकताना सापडणाऱ्याला कायमची प्रवेशबंदी, छुपी निगराणी, आणि सुरक्षेचे काम नव्या संस्थेकडे. यांपैकी ओळखपत्राची अट तर तीच होती, जी वर्षभरापूर्वी न्यायालयात लढून क्लबने काढून घेतली होती. दंडाधिकारी न्यायालयाने या समझोत्याला मान्यता दिली.

आता दोन निर्णयांतील विरोध कमी होतो. सप्टेंबरमध्ये उपसमितीला असे दिसले की, पुढील अपाय टाळण्याचा रद्द करण्याखेरीज उपाय नाही, कारण चालक आपल्या पद्धतीत दोषच मानत नाही. नोव्हेंबरमध्ये चालकाने दोष मानला आणि उपाय लिहून दिला. या पद्धतीवर आक्षेप घेता येतो, आणि तो घेतला गेला: वाटाघाटींना आवश्यक असा पैसा आणि वकील ज्याच्याकडे आहेत त्यालाच असा समझोता परवडतो. फॅब्रिकसाठी देशभरातून वर्गणी जमली. एखाद्या लहान गावातील छोट्या क्लबसाठी ती जमणार नाही.

सुरक्षिततेच्या अंगाने दुसरे उदाहरण ब्रिक्स्टन येथील नाट्यगृहवजा संगीतगृहाचे आहे. तेथे १५ डिसेंबर २०२२ रोजी एका कार्यक्रमाच्या वेळी प्रवेशद्वारापाशी झालेल्या चेंगराचेंगरीत दोन जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एक जण कामावर असलेला सुरक्षारक्षक होता. अनुज्ञप्ती निलंबित झाली. पोलिसांनी पुढे ती रद्दच करावी अशी मागणी केली. लॅम्बेथ कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ नव्या अटी घालून ती राखली. या अटी प्रवेशद्वारे अधिक भक्कम करणे, गर्दीचे व्यवस्थापन, तिकिटांची तपासणी अशा बाबींच्या होत्या. गृह एप्रिल २०२४ मध्ये उघडले. तेथे प्रश्न अमली पदार्थांचा नव्हता; दाराची रुंदी, दारावरील माणसे आणि बाहेर किती लोक थांबले आहेत याची आतील व्यवस्थापकाला असलेली माहिती, यांचा होता. असे प्रश्न अटींनी सुटू शकतात, कारण ते मोजता येतात.

आपल्या राज्यातील व्यवस्था

महाराष्ट्रात ही सर्व सूत्रे एका हाती नाहीत. मद्यविक्रीची अनुज्ञप्ती महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ याखाली राज्य उत्पादन शुल्क विभागामार्फत मिळते. सार्वजनिक करमणुकीच्या जागा आणि प्रयोग यांचे नियंत्रण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली केलेल्या नियमांनी, शहरांत पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकारी करतात. इमारत आणि व्यवसाय यांबाबतच्या परवानग्या स्थानिक संस्थेकडे, तर आगीपासून संरक्षणाची जबाबदारी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याखाली येते. ध्वनीसाठी केंद्राचे २००० सालचे नियम आहेत. त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र असून निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आणि व्यापारी भागात ५५ डेसिबल आहे.

अधिकारांची उणीव मात्र नाही. दारूबंदी अधिनियमाच्या कलम ५४ खाली अटींचा भंग झाल्यास अनुज्ञप्ती निलंबित किंवा रद्द करता येते. हा भंग धारकाने स्वतः केलेला असो, त्याच्या नोकराने केलेला असो, वा त्याच्या संमतीने काम करणाऱ्या इतर कोणी. कलम ५६ खाली इतर कारणांसाठीही, सामान्यतः १५ दिवसांची नोटीस देऊन, ती रद्द करता येते. कलम १४२ खाली सार्वजनिक शांततेसाठी जिल्हाधिकारी लेखी आदेशाने दुकान ठरावीक काळ बंद ठेवू शकतात. पोलीस अधिनियमाच्या कलम १६२ मध्ये अशीच तरतूद करमणुकीच्या परवान्यांसाठी आहे. मद्याचा व्यापार हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात १९९४ साली स्पष्ट केले आहे. तरीही दिलेली अनुज्ञप्ती काढून घेताना धारकाचे म्हणणे ऐकणे आणि आदेशात कारणे नमूद करणे यांतून सुटका नाही. अपिलात आदेश टिकत नाहीत ते बहुधा अधिकार नव्हता म्हणून नव्हे. कारणांच्या जागी कलमाचे शब्दच उतरवून ठेवलेले असतात म्हणून.

अडचण दुसरीकडे आहे. उत्पादन शुल्क निरीक्षक साठ्याची नोंदवही पाहतो, पोलीस हवालदार बंद होण्याची वेळ पाहतो, अग्निशमन अधिकारी प्रमाणपत्र पाहतो. पण या तिघांनी पाहिलेले एकत्र ठेवून, ही जागा आज रात्री सुरक्षित आहे काय, असा प्रश्न विचारणारे एकच आसन नाही. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. स्वच्छतागृहात आश्रय घेतलेल्या कित्येकांचा अंत धुराने गुदमरून झाला. गोव्यात बार्देश तालुक्यातील हडफडे या गावी ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री एका नाइट क्लबला आग लागून २५ जण दगावले. त्यांत बहुसंख्य तेथेच काम करणारे, दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले कर्मचारी होते. गोव्यात अशा व्यवसायाला ग्रामपंचायतीचीही अनुज्ञप्ती लागते, हे पंचायत सदस्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. नाइट क्लब ही आता केवळ महानगराची बाब राहिलेली नाही. महामार्गाच्या कडेला, समुद्रकिनाऱ्याच्या गावात, शेतजमिनीच्या तुकड्यावरही तो उभा राहतो.

२००६ च्या अधिनियमानुसार अशा इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोन वेळा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, अनुज्ञप्तीप्राप्त संस्थेमार्फत सादर करावयाचे असते. धोका निकट असेल तर जागा रिकामी करून मोहोरबंद करण्याचाही अधिकार त्यात आहे. प्रमाणपत्र खरे असले तरी ते दिल्याच्या दिवसापुरते खरे असते. मागचा जिना जानेवारीत मोकळा होता आणि मार्चमध्ये त्यावर बाटल्यांची खोकी रचलेली आहेत, ही गोष्ट कोणत्याही प्रमाणपत्रात येत नाही. ती दिसते तेथे भाजीपाला पोचविणाऱ्याला, शेजारच्या वाड्यातील रहिवाशाला, रात्री गस्त घालणाऱ्या शिपायाला. इंग्लंडच्या पद्धतीत ‘कोणीही व्यक्ती’ अर्ज करू शकते याला म्हणूनच अर्थ आहे.

अशी तक्रार परिणामकारक व्हावयाची तर तिची भाषा बदलावी लागते. ‘सदर बारमुळे गावाचे वातावरण दूषित होत आहे’ हे वाक्य राज्यातील असंख्य निवेदनांत आढळते. त्यावर कोणताही अधिकारी कारणांसह आदेश लिहू शकत नाही. त्याऐवजी अमुक तारखेला रात्री सव्वा वाजता दुकान उघडे होते, अमुक तारखेला दारापुढे मारामारी होऊन दोघांना ग्रामीण रुग्णालयात नेले, अमुक दिवशी शाळेच्या गणवेशातील मुलाला बिअर विकताना तिघांनी पाहिले, अशा पाच-सहा नोंदी तारीखवार दिल्या तर त्यांपैकी प्रत्येक नोंद एखाद्या अटीच्या भंगाकडे बोट दाखविते. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. शिक्षकांच्या नजरेस येणाऱ्या गोष्टी या बाबतीत पोलिसांच्याही आधी येतात.

आडवी बाटली

आपल्या राज्याने एक मार्ग असा काढला आहे, जो इंग्लंडच्या कायद्यात नाही. २००८ च्या आदेशानुसार गावातील महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी दारूचे दुकान बंद करण्याची लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. कित्येक गावांत अक्षरओळख नसलेल्या वृद्ध स्त्रियांनीही या दोन चित्रांतील फरक ओळखून आपला कौल दिला आहे.

पुनर्विलोकन आणि हे मतदान यांत मूलभूत फरक आहे. पुनर्विलोकनात काय घडले हे दाखवावे लागते; तेथे एका माणसाची तक्रार पुरेशी होऊ शकते आणि दीड लाख सह्या निरुपयोगी ठरू शकतात. मतदानात काही घडल्याचे सिद्ध करावे लागत नाही. किती जणींना दुकान नको आहे, एवढेच मोजले जाते. ज्या दुकानाने एकही अट मोडलेली नाही तेही बंद होऊ शकते, आणि ज्याने सर्व अटी मोडल्या ते मतांच्या कमतरतेमुळे चालू राहू शकते. म्हणून मतदानाची तयारी चालू असताना अटींच्या भंगाची तक्रार थांबविण्याचे कारण नाही. या दोन वाटा स्वतंत्र आहेत.

मतांची कमतरता पडते ती मोजण्याच्या पद्धतीमुळे. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. एक हजार महिला मतदार असलेल्या गावात ६०० जणी मतदानाला आल्या आणि त्यांपैकी ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान उघडेच राहते. २१ मते कमी पडतात. यादीत सासरी गेलेल्या मुलींची नावे तशीच असतात, मृतांची काढलेली नसतात. ज्या गावांतून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात तेथे दिवाळीनंतर मतदानाची तारीख लागली, तर त्या सर्व अनुपस्थित स्त्रिया हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्यासारख्याच होतात. निवेदन देण्यापूर्वी ग्रामसेवकाकडून मतदारयादी घेऊन ती दुरुस्त करून घेण्याचे काम जेथे आधी झाले, तेथे हे २१ मतांचे अंतर बरेच कमी झालेले असते.